पेजमेकरचा जुना डबा, ४के मॉनिटर आणि आमच्याकडची लाईट : काय घेऊ ते सांगा

रफार

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात वेळणेश्वरच्या बाजूला राहते आणि घरूनच डीटीपीचं काम करते, म्हणजे पुस्तकांची पानं लावणं, दिवाळी अंक, देवळाची स्मरणिका, लग्नसराईत पत्रिका, जे येईल ते. सध्याचा कॉम्प्युटर म्हणजे मुंबईतल्या कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेला ब्रँडेड सेकंडहँड डबा आहे, आय५ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, नंतर टाकलेली एसएसडी, आणि मॉनिटर साडेएकवीस इंची फुल एचडी. चालतो बिचारा, तक्रार नाही. तक्रार माझ्या डोळ्यांची आहे. चाळिशी लागून पाच वर्षं झाली आणि आता स्क्रीनवर अनुस्वार आहे की धुळीचा कण आहे ते बोटाने पुसून बघायला लागतं. मागच्या दिवाळी अंकात एका श्रद्धांजलीच्या पानावर 'चिंता'ची 'चिता' होऊन छापून आली, पुढचं काही विचारू नका.

तर आता ठरवलंय की चांगला हाय रिझोल्यूशनवाला सेट घ्यायचा. बजेट ८० हजार, ओढूनताणून ८५. चिपळूणच्या एका दुकानातून कोटेशन आणलं तर ९२ झाले, तो म्हणाला मॅडम रॅम महागलीय मी काय करू. प्रश्न असे की २७ इंचाला ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलवाला) घ्यावा की तो दोघांच्या मधला १४४०वाला पुरेल, असेंबल करावा की तयार घ्यावा, आणि जुन्या ग्राहकांच्या फाइली अजून पेजमेकरमध्ये (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) आहेत, फॉन्टचं डोंगलही (कॉम्प्युटरला खुपसल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत ती चावी) जुनंच, ते नव्यावर चालेल का. आणि समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, खारी हवा, पावसात लाईटचा खेळखंडोबा, शिवाय हल्ली कॅबिनेटला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, पण ते जुनं झालंय म्हणून असेल. भाऊ महिनाअखेरीला डोंबिवलीहून गाडीने येतोय, त्याच्याबरोबर मागवता येईल. कोणी नीट सांगा, फक्त 'बजेट वाढवा' असं नका सांगू.


चाकरमानी_७८

ताई, मजकुराचं काम असेल तर ४केच घ्या, यात दुसरा विचार नको. हिशोब सांगतो. तुमच्या आताच्या स्क्रीनवर एका इंचात साधारण १०२ पिक्सेल बसतात. २७ इंची १४४०वर १०९ बसतात, म्हणजे पैसे घालवून अक्षर होतं तितकंच जाडंभरडं, फक्त टेबलावर पसारा मोठा. २७ इंची ४केवर बसतात १६३. आता १२ पॉइंटचा टाइप म्हणजे इंचाचा सहावा भाग, तर खऱ्या मापात बघताना त्याला आज १७ पिक्सेलची उंची मिळते, ४केवर २७ मिळेल. अनुस्वाराचं टिंब आज एकदीड पिक्सेलात कोंबलेलं असतं, ते तिथे गोल दिसायला लागतं. इंग्रजीवाल्यांना १४४० चालून जातं, कारण त्यांच्या अक्षराच्या डोक्यावर आणि पायाखाली आपल्यासारखा बाजार भरलेला नसतो. 'र्त्स्न्या' असलं काही त्यांच्या स्वप्नातही येत नाही.

अजून एक, २७ इंची स्क्रीन साधारण ५९८ बाय ३३६ मिलिमीटर असते, त्यात ए४ची समोरासमोरची दोन पानं खऱ्या मापात जवळजवळ पूर्ण मावतात. सतत झूम करून पान सरकवत बसायला नको. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवा म्हणजे मेनू वाचता येतील, १०० वर ठेवलंत तर मुंग्या दिसतील. आयपीएस पॅनल बघा, मॅट फिनिश बघा, आणि १४४ हर्ट्झ, १ मिलिसेकंद वगैरे जे ओरडून लिहितात ना त्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका, ते गेमवाल्या पोरांसाठी आहे.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही एकदम घेऊच नका. मॉनिटर आत्ता घ्या, डबा नंतर. एआयच्या डेटासेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून, म्हणजे २०२५च्या दिवाळीच्या आसपासपासून, रॅमचे भाव जे चढलेत ते बघून पोटात गोळा येतो. दुकानदार खोटं बोलत नव्हता. तुमच्या डब्याच्या पाठीमागे बघा, एचडीएमआयसारखंच पण एकच कोपरा तिरका कापलेलं भोक आहे का? ऑफिसवाल्या ब्रँडेड मशीनना बहुतेक असतं. तो डिस्प्लेपोर्ट. चौथ्या जनरेशनचं आतलं ग्राफिक्स त्यातून ४के ६० हर्ट्झवर देतं. एचडीएमआयमधून मात्र ३०च्या वर जाणार नाही आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा चालेल. म्हणजे मॉनिटर, एक चांगली केबल, आणि काम सुरू.


सफरचंदवाला

एवढं डोकं चालवण्यापेक्षा मॅक मिनी घ्या ना सरळ. १६ जीबी येतो, हाताच्या पंजाएवढा, आवाज नाही, वीज इतकी कमी खातो की साध्या यूपीएसवरही तासभर सहज काढेल. पानं लावायला इनडिझाइन मस्त चालतं. विंडोजच्या जंजाळातून सुटाल.


रफार

@सफरचंदवाला, दादा पेजमेकर चालवून दाखवा त्याच्यावर, मी आज ऑर्डर करते.

@चाकरमानी, आत्ता टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. भोक आहे! दोन आहेत! इतकी वर्षं त्यात कोळ्याने घर केलं होतं. पण विंडोज १० बंद झालं ना ऑक्टोबरात, दुकानवाला म्हणे आता हा कॉम्प्युटर भंगार, ११ याच्यावर चढणारच नाही.


चाकरमानी_७८

११ चढणार नाही हे खरं, त्याला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला हेही खरं. पण घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतायत, सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक येते. तेवढे महिने तुमच्या हातात आहेत. त्यानंतर या डब्याचं इंटरनेट काढायचं आणि फक्त पेजमेकर आणि डोंगलसाठी कोपऱ्यात ठेवायचा. नव्या मशीनवर ते डोंगल ओळखलं जाईल की नाही त्याची खात्री दुकानदाराला स्वतःसमोर लावून दाखवायला सांगितल्याशिवाय मानू नका. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची आहे, त्याला ४के म्हणजे काय ते माहीतच नाही, त्याची बटणं तांदळाच्या कणीएवढी दिसतील. त्यावर उपाय : पेजमेकरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआय सेटिंग बदला, ओव्हरराइडवर टिक करून खाली 'सिस्टिम' निवडा. बटणं मोठी होतील पण मजकूर जरा धूसर दिसेल, म्हणून पेजमेकरच्या फाइलीचं प्रूफ त्यात न वाचता पीडीएफ काढून वाचा.


वायरमन_दापोली

सगळे पिक्सेल मोजतायत आणि बाईंनी जे शेवटी सहज लिहिलंय ते कोणी वाचलंच नाही. झिणझिण्या येतात म्हणे. ताई, कॉम्प्युटर जुना झाला म्हणून झिणझिण्या येत नाहीत, तुमच्या घराला अर्थिंग नाही म्हणून येतात. एसएमपीएसच्या, म्हणजे डब्यातल्या पॉवर सप्लायच्या, आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून अर्थला जोडलेले बारीक कपॅसिटर असतात, अर्थ मिळाला तर सगळं गपचूप जमिनीत जातं, नाही मिळाला तर पत्र्यावर शंभरएक व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस मरत नाही पण अनवाणी लादीवर उभं राहून हात लावला की कळतं. त्याच अवस्थेत तुम्ही पंचवीस तीस हजारांचा मॉनिटर त्याला केबलने जोडणार आहात. चालू मशीनला केबल खुपसताना पोर्ट उडालेले मी स्वतः पाहिलेत. आणि हो, सर्ज प्रोटेक्टरची पट्टी घेतलीत तरी तिचंही बरंचसं काम अर्थवर चालतं, अर्थ नसेल तर तिचा उपयोग अर्धवटच.

आपल्याकडे गंमत काय होते की घर बांधताना वायरमन खड्डा मारायला जातो, तीन फुटांवर जांभा लागतो, मग तो हातभर पाइप तिरका ठोकून माती लोटतो आणि बिल लावतो. पावसाळ्यात ते कसंबसं चालतं, कारण जमीन ओली असते. एप्रिल मे मध्ये जांभा सुकून खडखडीत झाला की अर्थ गायब. आठवून बघा, झिणझिण्या होळीनंतरच जास्त येतात की नाही? जागा बदला. न्हाणीचं पाणी जातं ते माडाचं किंवा केळीचं आळं असेल त्याच्या शेजारी, किंवा विहिरीच्या कडेला माती खोल असते तिथे खड्डा घ्या, अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर झाकण आणि पाणी ओतायला नरसाळं. काम झालं की मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजायला लावा, दोनतीन व्होल्टच्या आत आलं पाहिजे. वायरमनने 'असूदे हो चालतं' म्हटलं की त्याला चहा पाजून परत पाठवा.


रफार

बापरे. होळीनंतरच येतात. अगदी खरं. पावसात कधी आल्या नाहीत, मला वाटायचं पावसात मी स्लिपर घालते म्हणून.


मालवणी_लेन्स

बाय गो, वायरमन काकांनी सांगितल्यानी ता सोनाराच्या तराजूतला. माझा ऐक आता. मी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतंय, घर दर्याच्या तोंडार. पयल्या वर्षी कॉम्प्युटर मी भिंतीक चिकटवून खिडकेखाली ठेवलेलंय, वाऱ्याबरोबर खार आत. रॅमचे सोन्याचे पाय काळे पडले, चालूच होयना. खोडरबराने घासून बसवलंय तेव्हा चालू झालो, मगे दर दोन म्हयन्यांनी तोच कार्यक्रम.

(मराठीत लिहितो, सगळ्यांना कळूदे.) तर खाऱ्या हवेत मशीन वापरलं नाही तर जास्त सडतं, वापरलं तर आतून गरम राहतं आणि ओल धरत नाही. पावसात आठवडाभर काम नसलं तरी रोज तास दोन तास चालू ठेवा. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतं, सुती कापड घाला, तेही थंड झाल्यावर. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या ठेवू नका, पाल आत जाते. हसू नका, माझा यूपीएस पालीनेच मारला. उबेला आत गेली, बोर्डावर दोन पाय इकडे दोन तिकडे, ठाप्प झालं आणि वास तीन दिवस. आता बारीक जाळी लावलीय मागे.

मॉनिटरचं म्हणाल तर कुरियरने मागवू नका, आमच्या पिनकोडला आधी 'पोचवतो' म्हणतात, मग कणकवलीला येऊन घेऊन जा म्हणतात. माझा पहिला पॅनल कोपऱ्यात तडकून आला आणि परत द्यायला दीड महिना गेला. भाऊ गाडीने आणतोय तर उत्तम, फक्त त्याला सांगा खोका उभा ठेव, आडवा टाकून वर आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचू नको. हायवेचे खड्डे तुम्हाला मी सांगायला नको. दुकानातच उघडून लावून बघायला सांगा, पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे सगळे पडदे लावून मेलेला पिक्सेल बघायचा. तुम्हाला तर टिंबाचंच दुखणं, काळा पिक्सेल नेमका अनुस्वारासारखा दिसायचा!

माझं मत ३२ इंची घ्या असं आहे, डोळ्यांना आराम.


चाकरमानी_७८

३२ला १३८ पिक्सेलच बसतात इंचाला, आणि एक हात अंतरावर बसलं की मान डावीउजवीकडे फिरते. व्हिडिओला छान. पानं लावायला २७.


मालवणी_लेन्स

मान फिरता तर फिरूदे, तेवढोच व्यायाम.


वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. माझं एवढंच सांगणं की डबा जमिनीवर ठेवू नका. २२ जुलै २०२१ला आमच्या दुकानात पाणी किती चढलं ते भिंतीवर अजून दिसतं, तुमचं गाव उंचावर असेल तरी छपराचं पाणी, मोरीचं पाणी, काहीही येतं. मशीन गेलं त्याचं नाही वाटलं तेवढं, हार्डडिस्कमध्ये अकरा वर्षांच्या फाइली होत्या. बॅकअप होता, पण तो त्याच टेबलाच्या खालच्या खणात होता. तुम्ही एक डिस्क भावाकडे डोंबिवलीला ठेवा, दर गणपतीला बदलून द्या. नेट चांगलं असेल तर ऑनलाइन पण टाका, पण आमच्याकडे नेट चांगलं असेल तर हे वाक्यच विनोदी आहे.


वायरमन_दापोली

यूपीएसचं राहिलं. ६०० व्हीएचा म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचा, तुमच्या जुन्या डब्याला आणि मॉनिटरला पुरून उरतो, दहापंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात फाइल सेव्ह करून बंद करायचं, त्यावर प्रिंटर लावायचा नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागे 'यूपीएस मोड'चं बटण असतं, ते तिकडे केलेलं असलं पाहिजे नाहीतर लाईट गेल्यावर तो इतका उशीर लावतो की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. पुढे नवीन डबा घ्याल तेव्हा त्याचा एसएमपीएस अॅक्टिव्ह पीएफसीवाला (नव्या पद्धतीचा) असेल, काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी करंटवर तो अडखळतो, तेव्हा प्युअर साइन वेव्हवाला, म्हणजे भिंतीतल्यासारखा करंट देणारा, यूपीएस बघा.

आणि गडगडायला लागलं की बटण बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून ओढून काढायची. नेटची वायरपण. निसर्ग वादळात, जून २०२०, आमच्याकडे वीस दिवस लाईट नव्हती, पण जी उपकरणं मेली ती वादळात नाही, लाईट परत आली त्या दिवशी मेली. वरखाली व्होल्टेज येत होतं आणि लोकांनी आनंदाने सगळं एकदम चालू केलं. लाईट आल्यावर अर्धा तास पंखा बघा, तो एका लयीत फिरला की मग कॉम्प्युटर.


चाकरमानी_७८

नवीन डबा पुढेमागे घ्याल तेव्हाचंही सांगून ठेवतो, म्हणजे परत विचारायला नको. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार नाही, पण प्रोसेसर आतल्या ग्राफिक्सवाला घ्या. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, आय५ १२४०० चालेल, १२४००एफ नाही. एएमडीत रायझन ५ ७६०० मध्ये असतं, ५६०० मध्ये नसतं. दुकानदार एफवाला दोन हजार स्वस्त म्हणून गळ्यात मारतो आणि मग कार्ड विकतो. मदरबोर्डच्या मागचा एचडीएमआय ४केला ६० देतो की ३०, ते बोर्डच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर वाचून घ्या, स्वस्त बोर्डांत अजून फसवाफसवी असते. रॅम एकच १६ची काडी घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवा, शास्त्र म्हणतं दोन काड्या बऱ्या, पण भाव उतरल्यावर दुसरी टाकता येईल. जुनी रॅम काढून त्यात लावायचा विचार मनात आणू नका, ती डीडीआर३ म्हणजे जुन्या प्रकारची आहे, नव्या बोर्डात बसणार नाही. एसएसडी मात्र चालेल.


रफार

पाच आठवड्यांनी अपडेट, उशीर झाला, पत्रिकांचा सीझन होता.

आधी अर्थिंग केलं. वायरमन आला, त्याला काकांचा मेसेज वाचून दाखवला तर जरा रागावला पण पहार घेऊन केळीच्या आळ्याशेजारी गेला. सात फुटांपर्यंत माती लागली, तिथे जांभा, मग पाइपचा वरचा तुकडा बाहेर राहू नये म्हणून बाजूला थोडं भरून घेतलं. आधी मोजलं तेव्हा मीटर ४१ दाखवत होता, नंतर १.८. कॅबिनेटला हात लावते तर काहीच नाही, उलट चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. जुना पाइप ओढून काढला तेव्हा तो खरंच हातभरच होता, काका तुम्ही आमच्याकडे येऊन गेलाय का कधी?

मॉनिटर भावाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला, २७ इंची ४के आयपीएस, २६ हजार. खोका मागच्या सीटवर बेल्ट लावून उभा बसवला होता, वहिनीला मात्र पुढे मांडीवर फणस घेऊन बसावं लागलं. खोक्यात एचडीएमआयची केबल आली होती, हौसेने तीच लावली आणि माउस खरंच चिखलातून. मग आठवलं. डिस्प्लेपोर्टची लावली, सेटिंगमध्ये जाऊन ६० केलं, झालं. बॅकअपची डिस्क भावाबरोबर डोंबिवलीला गेली. यूपीएस नवा घेतला, मागे जाळी लावलीय, पाल भिंतीवर बसून बघतेय.

पेजमेकरची बटणं सांगितल्याप्रमाणे मोठी केली, धूसर दिसतं पण चालतंय. इनडिझाइनमध्ये पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा मी फक्त रफार बघत बसले दहा मिनिटं. मग न राहवून मागच्या वर्षीच्या अंकाची पीडीएफ उघडली. त्या चितेशिवाय अजून अकरा चुका सापडल्या. संपादकांना अजून सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.

नव्या डब्यासाठी ठेवलेले पैसे तसेच आहेत. रॅमचा भाव कमी झाला की इथेच येऊन विचारीन.


सफरचंदवाला

तोपर्यंत मॅक मिनीचा विचार करा.


वायरमन_दापोली

१.८ उत्तम. पाऊस संपला की दिवाळीपासून आठवड्याला एक बादली त्या नरसाळ्यातून ओतायची, विसरायचं नाही.


रफार

केळीला घालतेच की रोज, त्यातलीच एक तिकडे.


वायरमन_दापोली

केळीला घातलेलं वेगळं. नरसाळ्यातूनच.